बसून पाहा

"बसून पाहा बरं जरासं."

कोणाच्या घरी गेलं की आधी पाणी पुढे येतं, कोणाच्या घरी चहा. आमच्या काकाजींकडे आधी बसून पाहावं लागायचं. नुसतं "बसा" ते कधी म्हणाले नाहीत. ओसरीवरची चटई असो, प्लॅस्टिकची खुर्ची असो, नाहीतर आंब्याखालचा दगड असो, पाहुणा टेकला की काकाजी थोडे मागे सरकत, मान तिरकी करून फोटोवाल्यासारखं त्याच्याकडे बघत आणि विचारत, "जमून राहिलं ना?" पाहुण्याने हो म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नसे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, खुर्ची मोडकी असावी.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. अड्याळात ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या ओळखीतला एखादा म्हातारा तिथे बसवून पाहावा.

मी गुरांची डॉक्टर, मूळची सातारा बाजूची. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला बदली झाली तेव्हा गाव नकाशात शोधावं लागलं होतं. लग्न केलं नाही. भावांची घरं आहेत आणि त्यात माझी एक खोली आहे असं भाऊ म्हणतात. त्यामुळे बदली कुठेही झाली तरी रडायला कोणी नव्हतं, आणि हे एका अर्थी सोयीचंच. काकाजींच्या घराला लागून मला दोन खोल्या मिळाल्या. मध्ये बांबूच्या कमच्यांचं कुंपण. घरामागच्या वाडीला इकडे सांदवाडी म्हणतात. माझी स्वयंपाकाची खिडकी थेट त्यांच्या सांदवाडीत उघडायची, म्हणजे भांडी घासताना मला त्यांचा सगळा दिवस दिसायचा. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा बंगळूरला, मुलगी हैदराबादला. शेती बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने दिलेली. घरात काकाजी, एक म्हातारा बैल आणि कोंबड्या.

त्या बैलामुळेच आमची ओळख झाली. जोडीतला एक आधीच गेला होता आणि उरलेल्याने चारा सोडला होता. मी आमच्या मेश्राम कंपाउंडरला घेऊन गेले. इंजेक्शन द्यायचं तर बैल धरायला कोणीतरी हवं.

"घरात कोणी तरुण माणूस आहे का?" मी विचारलं.

"पोरगा येऊन राहिला," काकाजी म्हणाले.

"मग बोलवा ना त्याला."

काकाजींनी रस्त्याकडे पाहिलं. "येऊन राहिला ना जी."

"अहो, येऊन राहिलाय तर बोलवा बाहेर! झोपलाय का?" मी चिडलेच. मला चिडायला फार कारण लागत नाही.

काकाजींनी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. शेवटी मेश्रामजींनीच बैलाची वेसण धरली आणि हसू दाबत मला म्हणाले, "म्याडम, आटपा." परत येताना मोटारसायकलवर त्यांनी मला समजावून सांगितलं. इकडे "येऊन राहिला" म्हणजे येतोय. अजून आलेला नाही. आमच्याकडे माणूस येऊन राहिला म्हणजे आला आणि राहिला. बॅग उघडली, कपडे दोरीवर पडले, आता दोन-चार दिवस हलत नाही. इकडे तो अजून वाटेत असतो. वाटेत किती दिवस असतो, हे मात्र मेश्रामजींनाही सांगता आलं नाही.

तो मुलगा, म्हणजे थोरला, दिवाळीत आला. बायको आणि लहान मुलगा सोबत. काकाजींनी रोडग्यांचा बेत केला होता. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगते, रोडगे म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, शेणाच्या गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि वर तूप ओतायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हे घरात होत नाही. मोकळ्या जागेत करायचं, चार माणसं जमवायची आणि धूर खात खात जेवायचं. काकू होत्या तेव्हा सगळं घर बंडीत बसून शेतावर जायचं आणि तिथे रोडगे व्हायचे. इकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. तिन्ही मुलं त्या बंडीतच भांडायला शिकली असं काकाजी सांगायचे.

पण त्या दिवाळीला सांदवाडीतली जमीन ओली होती. सूनबाईंच्या खुर्चीचा पाय मातीत रुतला आणि त्या बसल्या जागी कलंडल्या. नातवाला लाल मुंग्या चावल्या. त्याने जो गळा काढला तो माझ्या दवाखान्यापर्यंत गेला असेल. शेवटी रोडगे ताटात घालून सगळे घरात पंख्याखाली जेवले आणि संध्याकाळी वरठी स्टेशनला जाऊन गाडीत बसले. काकाजी निखाऱ्यांची राख दुसऱ्या दिवशी एकटेच उपसत होते. मी खिडकीतून पाहिलं आणि नळ जरा जोरात सोडला. कुणी पाहतंय असं त्यांना वाटू नये म्हणून.

पुढे काही दिवसांनी कुंपणापलीकडून हाक आली. थोरल्याचा व्हिडिओ कॉल होता. काकाजी फोन असा धरत की पलीकडच्याला आढं दिसायचं, म्हणून धरायला मी. थोरला कुणा मित्राच्या बंगल्यावर होता. बंगल्यामागे लाकडी फळ्यांचा मोठा चौथरा, त्यावर खुर्च्या, माणसं, एका कोपऱ्यात जाळीवर काहीतरी भाजत होतं. सगळे हसत होते.

"बाबा, याला डेक म्हणतात," थोरला तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "असं काहीतरी आपल्याकडे मागे असतं ना, तर सगळे येऊन मस्त बसलो असतो."

खाताना माणूस बोलतो तसं तो बोलला. मी ते ऐकलं आणि गॅसवरचा चहा उकळायच्या आत विसरलेही. काकाजी विसरले नाहीत.

आठवडी बाजारात बातमी पसरली की काकाजींच्या सांदवाडीत डेक येऊन राहिला. आता तुम्हीच सांगा, खेड्यात डेक म्हणजे काय? लग्नात, हळदीत गाण्यांसाठी लावतात तो, छाती हादरवणारा. शेजारच्या लीलाबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "म्याडम, माहं बीपी आहे. तुमी सांगून पाहा त्याईले. या वयात डेक कायले पायजे?" त्याच संध्याकाळी मुलीचं लग्न ठरलेला एक गृहस्थ काकाजींच्या ओसरीवर बसून पाहत होता.

"हळदीपुरता देता का जी डेक?"

"नेता नाही येत. पक्का बांधून राहिलो," काकाजी अभिमानाने म्हणाले.

"डेक? पक्का?"

"हाव. सागवानी."

"आवाज किती दूर जाते?"

"आवाज कायचा?" काकाजींनी विचार केला. "लोकं बसले का होईल आवाज."

तो गृहस्थ उठला. बैल गेल्यापासून म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही, असं त्याने गावभर सांगितलं. बैल खरंच गेला होता, दिवाळी झाल्या झाल्या. मी होते तिथे. काकाजी बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले होते आणि मला म्हणत होते, "तुमी बसा जी, उभ्या काहून?"

बैल नाही म्हटल्यावर बंडी आंब्याखाली नुसती उभी होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. काकाजींनी सुताराला बोलावलं, इकडे त्याला वाढई म्हणतात, आणि बंडीकडे बोट केलं. "याच्या फळ्या काढ."

वाढई बंडीभोवती फिरला. "सागवान अजून लोखंडावानी आहे. मोडता कायले? इकून टाका."

"मोडून नाही राहिलो. बसासाठीच बनवली होती, बसासाठीच राहील."

वाढयाला काही करवत लावायचा धीर होईना. तेव्हा काकाजींनी स्वतः पहिली फळी सैल केली. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. फळीखालून एक जुना गोटा निघाला, मुलांच्या खेळण्यातला, काचेचा. तो त्यांनी खिशात टाकला आणि दिवसभर खिशात हात घालून फिरत राहिले.

मग मापाचा प्रश्न आला. वाढयाने विचारलं, "किती बाय किती?"

"पोरं, सुना, जावाई, नाती, सारे मावले पायजे."

"मानसाईत नका सांगू काकाजी. फुटात सांगा."

"फुटात मले नाही समजत. मानसं बसवून घे."

आणि खरंच माणसं बसवली. मला, लीलाबाईंना, मेश्रामजींना, लीलाबाईंच्या जावेला आणि बटईदाराला सांदवाडीत जमिनीवर बसायला लावलं. मला मुलीची जागा. "आमची बाई अशीच बसते, दोनी पाय एका बाजूले घेऊन," काकाजी म्हणाले. मेश्रामजी अंगाने भरलेले, म्हणून ते जावई. मेश्रामजींनी लगेच जावयासारखं तोंड केलं. लीलाबाई थोरल्या सूनबाई, त्यांची जाऊ धाकटी, बटईदार धाकटा. नातवंडांच्या जागी बादल्या उपड्या घातल्या. थोरल्याच्या जागी वाढयालाच बसवलं. तो ओरडला, "मंग माप कोन घेईल?" लीलाबाईंनी रांगोळीने प्रत्येकाभोवती रेघ काढली, आणि काकाजी मागे सरकून, मान तिरकी करून, प्रत्येकाला विचारत फिरले. "बसून पाहा बरं. गुडघा लागून नाही राहिला ना?" तोपर्यंत मला ते बोलणं निव्वळ सवय वाटत होतं. त्या दिवशी लक्षात आलं की हा माणूस आल्यागेल्या प्रत्येकाला आपल्या माणसांच्या जागी ठेवून बघतोय.

उठताना वाढयानेच विचारलं, "अन तुमी कुठी बसता?"

काकाजी गोंधळले. स्वतःची जागा त्यांनी धरलीच नव्हती. "मी वाढीन ना सगळ्याईले," ते म्हणाले. "वाढनाऱ्याले जागा कायले?"

डेक झाला. गुडघाभर उंच, खाली सिमेंटचे खांब, वर बंडीच्या फळ्या आणि पुरत नव्हत्या तिथे बाजारातून आणलेल्या नव्या. नव्या-जुन्या फळ्यांचा रंग जुळेना, तर काकाजी म्हणाले, सुना घरात आल्या तेव्हा त्याही कुठे जुळत होत्या. थोरल्याच्या फोनवर डेकवरच भाजत होते म्हणून निखाराही डेकवरच हवा, हा त्यांचा हट्ट. मधोमध पत्रा ठेवला, त्यावर माती, माती धरायला विटा, आणि गवऱ्या पेटवल्या. रोडगे फुलायच्या आधी खालून धूर निघायला लागला. लीलाबाई "जळालं, जळालं" ओरडत बादली घेऊन धावल्या आणि काकाजींसकट सगळं विझवलं. फळीवर ताटाएवढा काळा डाग पडला.

"बदलून देतो," वाढई म्हणाला.

काकाजींनी त्या डागावर बसून पाहिलं. डेकवर ते पहिल्यांदाच बसत होते. "राहू दे. हे माही जागा झाली. इथं दुसरं कोनी बसनार नाही."

निखाऱ्यासाठी मग डेकशेजारी जमिनीवर खड्डा केला आणि तो प्रश्न मिटला.

धान घरात आलं, थंडी पडली. काकाजींनी रविवार ठरवला आणि तिघांना फोन लावले. प्रत्येक वेळी फोन मीच धरला होता, त्यामुळे मी साक्षीदार आहे. थोरला म्हणाला, "येतोय बाबा, नक्की." धाकटा म्हणाला, "तिकीट बघतो, येतोच." मुलगी तर म्हणाली, "मी तुमच्या डेकवर झोपणारच आहे." फोन ठेवून काकाजी कुंपणाशी उभे राहिले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "सारे येऊन राहिले. सारे." त्यांनी गवऱ्यांची रास लावली, वांगी निवडून ठेवायला सांगितली, नातवासाठी मुंग्यांची पावडर डेकच्या चारी खांबांशी टाकली. मला ते सगळं बघून आनंद होत होता आणि धास्तीही. फोनवरचं "येतोय" मीही आयुष्यात पुष्कळ ऐकलंय.

शनिवारी दुपारपासून फोन यायला लागले. थोरल्याच्या कंपनीत काहीतरी अडलं. धाकट्याला तिकीट मिळालं नाही. मुलीच्या मुलीची परीक्षा. सगळी कारणं खरी होती. खोटं असतं तर निदान रागावता आलं असतं. काकाजी प्रत्येकाला म्हणाले, "घाई नको करू. सावकाश ये."

रविवारी सकाळी मी खिडकीत भांडी घासत होते. काकाजी कुंपणाशी आले. पीठ तर मळलेलंच होतं, सगळ्यांना पुरेल एवढं.

"म्याडम, त्या दिवशी माप द्यासाठी तुमी जिथं बसल्या होत्या ना," ते म्हणाले, "तिथं येऊन बसता का आज?"

मी ओल्या हातानेच गेले. मेश्रामजी आले, लीलाबाई आणि त्यांची जाऊ, बटईदार, वाढई. जो तो आपापल्या मापाच्या जागी जाऊन बसला. मेश्रामजी वांग्याच्या पातेल्याजवळ सरकायला लागले तर काकाजींनी त्यांना हाताने अडवलं. "तिथं नाही जी. जावायाची जागा इकडे." मेश्रामजी सरकले. लेकरांच्या जागी पाण्याच्या बादल्या होत्याच.

रोडगे अप्रतिम झाले होते. काकाजी वाकून वाकून वाढत होते आणि माझ्या पानात तूप ओतताना हात आखडत नव्हते. "आमच्या बाईले तूप जास्त लागते," ते म्हणाले. मी हैदराबादच्या त्या मुलीला तोवर पाहिलंही नव्हतं. तिच्या वाटणीचं तूप मी खाल्लं. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझंही वाटलं. कारण माझ्या पानात तूप वाढायला कोणी इतकं वाकल्याला फार वर्षं झाली होती.

मध्येच थोरल्याचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, दाखवा ना डेक!" मी फोन फिरवला. सगळे हात वर करून हसले. "अरे वा, किती माणसं जमलीत! आम्ही हुकलो बघा," थोरला म्हणाला. तो मनापासून खूश झाला होता. बाबांना सोबत आहे म्हणून त्याला हलकं वाटलं असावं.

"मावले सारे," काकाजी फोनकडे न बघता म्हणाले. मग आपलं पान घेऊन ते काळ्या डागावर जाऊन बसले, धुराकडे तोंड करून. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं असेल.

उन्हाळा सरत आला तसं पावसाआधी लाकडाला जवसाचं तेल पाजायचं त्यांनी काढलं. फळ्या फुगल्या तर पोरं येतील तेव्हा बसणार कुठे, हा घोर. फडकं घेऊन ते रोज सकाळी थोडं थोडं पुसायचे. एका सकाळी हाक आली, अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तशी. "म्याडम, जरा येता का?"

स्वतःच्याच तेलावरून पाय घसरला होता. ते डेकवरून खाली जमिनीवर आडवे पडले होते आणि एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. मी काही माणसांची डॉक्टर नाही, पण मोडलेलं हाड कोणाचंही सारखंच दिसतं. "बसता येतंय का, बसून पाहा," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझ्याच कानांना ते ऐकू आलं.

काकाजींनी कोपरावर जोर देऊन पाहिलं. "नाही जमून राहिलं," ते म्हणाले.

कुंपणाची कमची उपटून मी पायाला बांधली. त्यांनी दात आवळून घेतले होते, तरी म्हणाले, "बैलाचं औषध नका देऊ बरं मले." मेश्रामजींनी गाडी आणली, भंडाऱ्याला नेलं, खुब्याचं ऑपरेशन झालं.

आणि मुलं आली. तिघंही. सुना, जावई, नातवंडं, सगळी. थोरला तर स्टेशनवरून सामान न ठेवता थेट दवाखान्यात गेला. काकाजींना घरी आणलं त्या संध्याकाळी मी भाकरी द्यायला गेले, तर सगळे सांदवाडीत डेकवर बसले होते. मागच्या खोलीत काकाजींची खाट होती, पण तिचं डोकं दाराकडे, त्यामुळे त्यांना बाहेरचं फक्त ऐकू येत होतं. डेकवर त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. इथे एकटं ठेवता येणार नाही. पुण्याला लिफ्ट आहे. बंगळूरला दोघंही कामाला जातात. हैदराबादला जिना आहे. आवाज चढत नव्हते. मुलगी रडत होती, थोरला तिला समजावत होता. वाईट मुलं नव्हती ती. दमलेली होती आणि त्यांना बापाची काळजी होती. रांगोळीच्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या. जावई थोरल्याच्या जागी, मुलगी घरातल्या मोठ्या बाईसारखी मधोमध, नातवंडं कडेला पाय सोडून. काळा डाग मोकळा होता. साडीला काजळी लागेल म्हणून तिथे कोणी बसलं नव्हतं.

काकाजींनी मला हाताने खाटेजवळ बोलावलं.

"सारे बसले का?"

"बसलेत."

"कोनी उभं तर नाही?"

"नाही काकाजी. सगळे बसलेत."

"मावले?"

"मावले. एका माणसाची जागा उरलीय."

"थे माही," काकाजी म्हणाले आणि आढ्याकडे बघत राहिले. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. बाहेर पुण्याचं नक्की झालं.

जाताना त्यांना उचलून गाडीत बसवलं. मला वाटलं काहीतरी बोलतील, निरोपाचं. "फळीवर पानी साचू देऊ नका," एवढंच म्हणाले. सांदवाडीच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे दिली. मी खिडकीत येऊन उभी राहिले. पुष्कळ दिवस मला भांडी घासायला दुपारपर्यंत वेळ लागायचा, कारण बघायला कोणी नसलं की हातही चालत नाहीत.

आता त्यांचा फोन येतो. अजूनही ते फोन तसाच धरतात, आधी मला पुण्याचं छत दिसतं, मग कपाळ. तिथे खोली चांगली आहे, सूनबाई वेळच्या वेळी औषध देतात, नातू शाळेतून आल्यावर जवळ येऊन बसतो. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. "पन बसून पाहा म्हनावं असं कोनी येतच नाही जी घरात," ते एकदा म्हणाले.

कधी कधी रविवारी आम्ही सांदवाडीत रोडगे करतो. मी, लीलाबाई, मेश्रामजी. मोठा घाट नसतो, मूठभर पिठाचे. परवा त्यांनी नेमका तेव्हाच फोन केला. मी फोन घेऊन डेकवर चढले.

"बसून पाहा बरं," ते म्हणाले.

मी बसले, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन.

"जमून राहिलं ना?"

"हो काकाजी."

"माह्या जागेवर कोनी बसलं तर नाही?"

"नाही. मोकळी आहे."

"बसू नका देऊ कोनाले. मी येऊन राहिलो." मागून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, किती वेळ बोलताय, पडा आता." फोन कलंडला, छत दिसलं आणि बंद झाला.

डॉक्टरांनी त्यांना प्रवासाला कायमची मनाई केली आहे. हे मला थोरल्याने सांगितलं होतं, आणि काकाजींनाही ते माहीत आहे.

निखारे तयार झाले होते. लीलाबाई पानं घेऊन वर आल्या आणि मोकळी जागा बघून डागाकडे वळल्या.

"तिथं नको लीलाबाई," मी म्हणाले. "काकाजी येऊन राहिलेत."

मी ते माझ्या गावच्या अर्थाने म्हणाले होते, आले आणि राहिले. लीलाबाईंनी पानं खाली ठेवली आणि रस्त्याकडे पाहिलं.